मदत हवी आहे: मासळीसाठी विजेविना चालणारी बर्फाची कोठी कशी बांधावी?

नमस्कार मंडळी,

नागपुरात भंडारा रोडवर ओळखीतल्या ढिवर बायांचा बचत गट मासळी विकतो. रोहू, कटला, कधी मरळ. माल मामा (माजी मालगुजारी) तलावांवरून पहाटे येतो. मे महिन्यात पारा ४५ च्या वर गेला की सकाळी न खपलेली मासळी दुपारी मातीमोल भावात द्यावी लागते. फ्रीझर आणि त्याचं बिल गटाला झेपणारं नाही. कारखान्यातून बर्फाच्या लाद्या आणून त्या दोन-तीन दिवस टिकतील अशी कोठी बांधायची आहे.

हिशेब असा केला आहे. कोठी आतून १.२ मीटर लांब, रुंद आणि उंच, सगळीकडून १० सेंमी थर्माकोल. बाहेर दिवसरात्रीची सरासरी ३५ अंश धरली आणि १ किलो बर्फ वितळताना ३३४ किलोज्यूल उष्णता घेतो हे धरलं, तर नुसत्या भिंतींमधून रोज सुमारे २७ किलो बर्फ जाईल. शिवाय ३० अंशांवरची १०० किलो मासळी शून्यापर्यंत आणायला साधारण ३० किलो. कुणी तपासून द्याल का?

थर्माकोलऐवजी धानाचं तूस भरलं तर? राइस मिलमध्ये ते स्वस्तात मिळतं. १८३३ मध्ये फ्रेडरिक ट्यूडरने बोस्टनहून कलकत्त्याला जहाजाने १८० टन बर्फ पाठवला, वाटेत दोनदा विषुववृत्त ओलांडूनही त्यातला १०० टनांच्या आसपास पोचला, आणि बर्फाच्या धंद्यात एरवी त्याची भिस्त लाकडाच्या भुश्यावर असे. मग तुसावर आपण का विसंबू नये, असं मला मनापासून वाटतं.

खरा पेच पुढे आहे: कोठी जमिनीत खोदावी की वर बांधावी? रुमानियातल्या स्कारिशोआरा गुहेचं तोंड विहिरीसारखं वर आहे. हिवाळ्यातली जड थंड हवा खाली उतरते, उन्हाळ्यातली हलकी गरम हवा तिला हुसकावू शकत नाही, म्हणून हजारो वर्षांचा बर्फ आत टिकला. इराणी यखचालमध्येही (जुन्या पद्धतीच्या बर्फघरात) बर्फ खड्ड्यातच ठेवत आणि वरच्या मातीच्या घुमटाच्या भिंती बुडाशी दोन-दोन मीटर जाड असत. नागपुरात चार-पाच मीटर खाली जमीन २७ अंशांच्या आसपास असते, म्हणजे उन्हाळ्यातल्या हवेपेक्षा बरीच थंड. पण आमची जागा काळ्या मातीची आहे. कोणी अशा जमिनीत टाकी किंवा तळघर बांधलं असेल तर कृपया सविस्तर लिहा. पावसाळ्याआधी काम उरकायचं आहे.

प्रतिसाद

ताई, हिशेब बरोबर आहे, पण तो बंद कोठीचा. झाकण दर गिऱ्हाइकाला उघडलं तर खर्च खूप वाढेल. दुपारच्या विक्रीची मासळी वेगळ्या पेटीत काढून ठेवा.

जमिनीत नको. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, भिंत तडकणारच. विटांच्या ओट्यावर बांधा, फक्त दार बाजूला न ठेवता झाकण वर ठेवा. थंड हवा खाली बसून राहण्याचा फायदा तेवढ्याने मिळतो. वर सावलीचं छप्पर हवंच.

तूस चालेल, २० सेंमी जाड आणि ठासून भरा. मात्र ओलं तूस काही कामाचं नाही. ओल हवेतल्या बाष्पानेही येते: बाहेरची हवा भिंतीत झिरपते आणि आतल्या गार बाजूला दव धरतं. म्हणून जाड प्लास्टिकचा कागद तुसाच्या बाहेरच्या बाजूने लावा, सांधे नीट चिकटवून. वितळलेलं पाणी काढणाऱ्या नळीला यू आकाराचा बाक द्या, म्हणजे त्यात पाणी राहतं आणि गरम हवा आत शिरत नाही.

बर्फ फोडून मासळीसोबत थराथराने भरा, वजनाला वजन. आणि खाण्याचाच बर्फ घ्या. निळा रंग दिलेला बर्फ मासळीला लावू नका. आतून अस्तर कशाचं देणार आहात? ते रोज धुता आलं पाहिजे, आणि साधा पत्रा तर लवकरच गंजेल.