पाझोपॅनिब उपाशीपोटी, मग बाबांच्या चहा-खारीचं काय?

निशिगंध: बाबांचा किडनीचा कॅन्सर (क्लिअर सेल प्रकारचा) फुप्फुसात गेलाय. पाझोपॅनिब लिहून दिलंय, उपाशीपोटी. पण उठल्या उठल्या चहा-खारी नाही मिळाली तर घर डोक्यावर घेतात. आणि ही केमोच ना?

मिरजेची_मावशी: केमो नव्हे गं. या गाठी व्हीईजीएफ नावाचं प्रथिन सोडून स्वतःपुरत्या नव्या रक्तवाहिन्या वाढवून घेतात. गोळी ती रसद तोडते. आमच्या ह्यांना हीच होती. जेवणाआधी निदान एक तास, नाहीतर जेवणानंतर दोन तासांनी. आम्ही डॉक्टरांना विचारून रात्रीची ठेवली: जेवण साडेसातला, गोळी दहाला. चुरून देऊ नकोस. ॲसिडिटीची गोळी परस्पर अजिबात नको, औषध अंगी लागत नाही. ग्रेपफ्रूट वर्ज्य, म्हणून आम्ही पपनसही बंद केलं. केस पांढरे होतात, भुवयासुद्धा. ह्यांचा कलप सुटला, बरंच झालं! खरी धास्ती लिव्हरची. एलएफटी, म्हणजे लिव्हरची रक्ततपासणी, चुकवू नकोस. डोळे पिवळे दिसले की लगेच डॉक्टरांना गाठ. बीपीचं यंत्र घरात हवंच.

सह्याद्री७: आईला सुनिटिनिब होतं, याच जातीची दुसरी गोळी. चार आठवडे गोळी, दोन आठवडे सुट्टी. तळपायाची सालं निघायची, चप्पलही टोचायची. युरियाचं मलम नि सैल सुती मोजे यांनी बरंच निभावलं. थायरॉईडही तपासून घ्या, आईचं बिघडलं होतं.

निशिगंध: मावशी, रात्रीचं उद्याच विचारते. बाबा कलपाचं ऐकून जास्त हिरमुसलेत.