गाय गाभडली, जार हाताने काढली, आता मलाच ताप येतोय. संबंध असेल का?

आमची एक जर्सी सातव्या महिन्यात गाभडली. जार अडकलेली, म्हणून मीच हात घालून काढली, ग्लोव्हज कुठले, नंतर साबणाने हात धुतले झालं. त्याला महिना झाला. आता दिवस कलला की ताप चढतो, रात्री घामाने बनियन पिळून काढावं लागतं आणि सकाळी परत बरं वाटतं, पण कंबर अशी धरलीय की धारेला बसलो की उठवत नाही. टायफॉइड म्हणून गोळ्या झाल्या, चार दिवस उतार पडला आणि परत तेच. कुणाला असं झालंय का?

गोठा_आणि_मी:
दादा, अंगावर काढू नका. मला हेच झालेलं, ब्रुसेलोसिस निघालं, म्हणजे जनावरांकडून माणसाला होणारा ब्रुसेला जंतूंचा आजार. सांधे, पाठ, वजन उतरलेलं, सगळ्यांना टीबी वाटायचा, आणि गाभडलेल्या म्हशीचं मी कुणाला सांगितलंच नव्हतं कारण तापाशी तिचा काय संबंध असं वाटायचं. डॉक्टरांना पहिलं तेच सांगा, तरच ब्रुसेलाची रक्ततपासणी लिहून देतील. मला डॉक्सीसायक्लिन आणि रिफाम्पिसिन ही औषधं ६ आठवडे दिली, लघवी केशरी होते, घाबरू नका. दुसऱ्या आठवड्यात बरं वाटतं पण तिथे गोळ्या सोडल्या की दुखणं उलटतं.

पशुवैद्य_गावाकडचा:
बरोबर सांगितलंय. जार आणि गर्भाच्या पाण्यात हे जंतू प्रचंड असतात, हाताला साधं खरचटलेलं असलं तरी आत शिरतात. तपासणीशिवाय नक्की काही म्हणता येणार नाही, पण तुमच्या गाईचंही रक्त तपासून घ्या आणि तोवर तिला वेगळी बांधा. पडलेलं वासरू कुत्र्यांपुढे टाकू नका, खोल खड्डा, वर चुना. कालवडींना ४ ते ८ महिन्यांच्या असताना लस एकदाच द्यायची, गोऱ्ह्यांना नाही, गाभण गाईला तर अजिबात नाही. लस जिवंत जंतूंची असते, सुई चुकून आपल्याला लागली तरी दवाखाना गाठायचा. आणि घरात कच्चं दूध कोण पितं का?

मूळ प्रश्नकर्ता:
आई पिते, धारोष्ण, रोज सकाळी पेलाभर. आज पहिल्यांदा तिच्यासमोर पातेलं गॅसवर ठेवलं, रुसून बसलीय. तिलाही तपासायला नेऊ का? उद्या माझं रक्त देतोय.

गोठा_आणि_मी:
न्या, बरोबरच न्या. गोठ्यात तिचाही हात लागला असेल.