मदत हवी आहे : नाट्यसंस्थेच्या तालमी, संहिता आणि निरोप यांसाठी विनाशुल्क साधने

नमस्कार. सांगली जिल्ह्यातील आमच्या हौशी नाट्यसंस्थेचे कार्यवाहपद यंदा माझ्याकडे आले आहे. कलाकार आणि पडद्यामागची मंडळी धरून आम्ही २६ जण आहोत. त्यांपैकी दोघे एमआयडीसीत पाळीने काम करतात आणि बाकीचे नोकरी-धंदा आटोपून येतात, त्यामुळे तालीम रात्री साडेआठनंतरच सुरू होते. राज्य नाट्यस्पर्धेच्या प्राथमिक फेरीसाठी दोन अंकी नाटक बसवत आहोत. नेपथ्य आणि प्रकाशयोजनेच्या भाड्यातच शिल्लक संपत असल्याने पैसे मोजावे लागणारे ॲप परवडणार नाही.

सध्या सगळा कारभार एकाच व्हॉट्सॲप गटावर चालतो आणि तिथे सुप्रभात, वाढदिवस व तालमीची वेळ एकाच रांगेत येतात. गेल्या मंगळवारी जागा बदलल्याचा निरोप मी दुपारीच टाकला होता आणि त्यावर सोळा अंगठेही उमटले. तरीही प्रमुख अभिनेत्री आणि प्रॉम्प्टर जुन्या सभागृहाच्या कुलूपबंद दाराशी पाऊण तास उभे होते. अंगठा म्हणजे 'वाचले', 'येतो' की नुसता शिष्टाचार, हे मला अजून उमगलेले नाही.

त्याहून मोठा घोटाळा संहितेचा आहे. लेखकाच्या संमतीने दुसऱ्या अंकातील एक प्रवेश आटोपशीर केला, पण गटावर पीडीएफच्या तीन प्रती फिरत होत्या आणि तिन्हींचे नाव 'फायनल' होते. एका ज्येष्ठ कलाकाराने गाळलेले दीड पान चोख पाठ करून म्हटले, तेव्हा समोरचा नट त्यांच्या तोंडाकडे पाहत राहिला. रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडे (प्रयोगाआधी संहिता तपासून प्रमाणपत्र देणारे सरकारी मंडळ) पाठवायची संहिता आणि आम्ही बोलतो ती संहिता एकच राहावी, एवढी माझी किमान अपेक्षा आहे. शिवाय कोण कोणत्या दिवशी गैरहजर आहे हे पाहून त्या रात्री कोणता प्रवेश घ्यावा, हे ठरवण्याची सोपी पद्धत कोणी वापरत असल्यास कृपया सांगावे. आमचे रंगभूषाकार काका साधा फोन वापरतात, हेही लक्षात घ्यावे.

प्रतिसाद :

आम्ही पुण्यात याच फेऱ्यातून गेलो आहोत. सर्वप्रथम संस्थेच्या नावाने स्वतंत्र गूगल खाते उघडा. कार्यवाहाच्या वैयक्तिक खात्यावर कागद ठेवले, तर पद बदलले की शोधाशोध सुरू होते. संहिता गूगल डॉक्समध्ये एकच ठेवा. लिहिण्याची मुभा दिग्दर्शक आणि लेखक यांनाच द्या, इतरांना फक्त वाचण्याची. कोणता बदल कधी झाला हे आवृत्ती-इतिहासात दिसते. पीडीएफ गटावर टाकणे मात्र कायमचे बंद करा, कारण खरा रोग तोच आहे.

निरोपांसाठी, फक्त प्रशासकच लिहू शकतील असा दुसरा व्हॉट्सॲप गट करा आणि गप्पा जुन्या गटावर चालू द्या. अंगठ्यांऐवजी 'येणार', 'उशिरा येणार', 'नाही' असे तीन पर्याय देऊन मतदान घ्या. ज्यांचे नाव कुठेच दिसत नाही, त्यांनाच फोन करायचा. काकांना कोणी फोन करायचा, ते नाव कायमचे ठरवून टाका.

प्रवेशांसाठी गूगल शीट्समध्ये तक्ता करा. आडव्या ओळीत प्रवेश, उभ्या रकान्यात पात्रे आणि जिथे पात्र रंगमंचावर आहे तिथे खूण, इतके पुरे. गैरहजर कलाकाराचा रकाना पाहिला की त्या रात्री कोणते प्रवेश अडतात ते लगेच कळते. एक सावधगिरी बाळगा : तालमींचे व्हिडिओ त्याच खात्यात साठवू नका. विनाशुल्क मिळणारी १५ जीबी जागा मेल, ड्राइव्ह आणि फोटो यांत मिळून वापरली जाते, आणि ती भरली की त्या खात्यावर मेल येणेही थांबते.

मूळ धागाकर्त्याचे उत्तर :

मनःपूर्वक आभार. काल रात्री तक्ता भरला. पाळीवाले दोघे गुरुवारी नसतात म्हणून आम्ही तो दिवस सोडूनच देत होतो; प्रत्यक्षात पहिल्या अंकातील चार प्रवेशांत ते दोघेही नाहीत. या गुरुवारी तेच चार प्रवेश घेत आहोत. मतदानात काकांचे नाव दिसणार नाही, परंतु त्यांना फोन करण्याचे काम प्रॉम्प्टरने आपणहून घेतले आहे.