‘कुफरी लवकर’ बटाट्याला डीएपी खत लागू पडलं, ‘चिप्सोना’ला नाही. असं कसं? (मदत हवी आहे)

रामबागची सून
नमस्कार. इथले शेतीचे धागे नेहमी वाचते, लिहितेय पहिल्यांदाच. राहतो इंदूरला, रामबागेत. पण सासऱ्यांची सहा बिघे जमीन सांवेरकडे आहे आणि ते गेल्यापासून ती मीच बघते. (आमच्याकडे बिघा म्हणजे साधारण पाव हेक्टर.) सोयाबीन निघालं की तीन बिघ्यांत बटाटा लावतो. निम्म्यात कुफरी लवकर ही जात, निम्म्यात कुफरी चिप्सोना-३. आमचा गडी ‘लौकर’ म्हणतो. हा आपला मराठी ‘लवकर’च, म्हटल्यावर त्याला खरं वाटेना!

यंदा डीएपी दुप्पट केलं, बिघ्याला एकाऐवजी दोन पोती. लवकरचा पाला बघत राहावा असा झाला, झाडाखाली बटाटेही जास्त लागले, पण त्यात गुल्लाच (बारीक बटाटा) फार. चोइथराम मंडीत गुल्ल्याचा भाव ऐकला की गाडीभाडं आठवतं. चिप्सोनात मात्र गेल्या वर्षीएवढंच निघालं, ना कमी ना जास्त. शेजारचे काका छातीठोकपणे सांगतात, चिप्सोनाला फॉस्फरस लागतच नाही. जातीजातीत इतका फरक असतो का? चिप्सोनाचं डीएपी बंद करू?

काळी माती
बंद करायच्या आधी हिशेब करा, ताई. डीएपीच्या पोत्यात (५० किलो) २३ किलो स्फुरद, म्हणजे तुमचा फॉस्फरस, आणि ९ किलो नत्र (नायट्रोजन). दोन पोती म्हणजे बिघ्याला ४६ किलो स्फुरद, हेक्टरी १८४. बटाट्याला बहुतेक ठिकाणी हेक्टरी ८० च्या आसपास सांगतात. तुमचं गेल्या वर्षीचं एक पोतंच पुरेसं होतं.

आणि नुसतं स्फुरद नाही वाढलं, बिघ्याला ९ किलो नत्रही जास्त गेलं. पाला वाढला तो त्या नत्राने नसेल कशावरून? युरिया तेवढा कमी केला होता का?

रामबागची सून
नाही केला. लक्षातच आलं नाही. 🙈

पठारावरचा
मी पुणे जिल्ह्यातल्या सातगाव पठारावरचा. आमचा बटाटा पावसाळी, तुमचा थंडीतला, त्यामुळे अंदाजानेच सांगतो. जातीत फरक असतो हे खरं. बटाट्याची मुळं मुळातच उथळ, मुळांवरची लव कमी, आणि स्फुरद जमिनीत जागचं हलत नाही. नत्र पाण्याबरोबर मुळापाशी येतं. स्फुरदापाशी मुळालाच जावं लागतं. मग ज्या जातीची मुळं लांब आणि दाट, ती कमी खतातही भागवते. दुसरं म्हणजे घेतलेलं स्फुरद कंदात किती बदलतं, तेही प्रत्येक जातीचं निराळं. कुफरी पुखराज ही जात या बाबतीत काटकसरी म्हणून ओळखली जाते.

लवकर म्हणजे घाईची जात. अडीच-तीन महिन्यांत सगळं उरकायचं, मुळं पसरायला वेळ कुठला? तिला सुरुवातीलाच हाताशी खत लागतं. चिप्सोना-३ शेतात जास्त दिवस राहते, ती शोधून घेत असेल. स्फुरदाने कंदांची संख्या वाढते, हेही तुमच्या गुल्ल्याशी जुळतं. पण सगळा गुल्ला त्याच्याच माथी मारू नका. बेणं कसं होतं? अख्खं की कापलेलं?

रामबागची सून
लवकरचं अख्खं, डोळे छान फुटलेले. चिप्सोनाचं मोठं होतं म्हणून कापलं.

पठारावरचा
मग बघा. अख्ख्या कंदाला डोळे जास्त, म्हणून फुटवे जास्त, म्हणून बटाटे जास्त आणि बारीक. यात डीएपीचा काय संबंध?

काळी माती
दोन्ही तुकड्यांचा माती अहवाल आहे?

रामबागची सून
चिप्सोनाच्या तुकड्याचा आहे, तीन वर्षांपूर्वीचा. पीएच ७.९, उपलब्ध फॉस्फरस हेक्टरी २८ किलो. तो विहिरीजवळचा, सासरे तिथे दरवर्षी कांदा-लसूण लावायचे आणि शेणखतही तिथेच पडायचं. लवकरचा नाल्याकडचा. तिथे आधी नुसता हरभरा असायचा, पाणी दोन वर्षांपूर्वीच पोचलं. त्याची माती कधी तपासली नाही.

काळी माती
हे सगळ्यात आधी सांगायचं ना, ताई! ओल्सेन पद्धतीत (मातीतलं उपलब्ध स्फुरद मोजायची पद्धत) हेक्टरी २५ च्या वर म्हणजे भरपूर. तिथे कुठलीही जात लावा, जादा डीएपीला ती काय दाद देणार? पोट भरलेल्याला पंगतीत बसवल्यासारखं आहे ते. नाल्याकडचा तुकडा उपाशी असेल, म्हणून तिथे खत दिसलं. तुम्ही दोन जाती ताडून पाहिल्याच नाहीत, दोन जमिनी पाहिल्यात. वर बेणंही वेगळं.

शेजारच्या काकांचीही हीच गफलत. ‘चिप्सोनाला लागत नाही’ म्हणायला बिनखताची चिप्सोना शेजारी उभी हवी. खताने उत्पन्न किती वाढलं ते बघायचं, नुसतं किती निघालं ते नव्हे.

पुढच्या हंगामात एकाच तुकड्यात, बहुतेक नाल्याकडच्या, दोन्ही जाती लावा. बेणं सारख्या आकाराचं, अख्खं. प्रत्येक जातीत चार-चार सऱ्यांचे तीन पट्टे: एकात स्फुरद नाही, एकात निम्मं, एकात पूर्ण, म्हणजे हेक्टरी ८०. जमलं तर हेच दोन जागी. डीएपीऐवजी सिंगल सुपर फॉस्फेट वापरा, म्हणजे नत्राचा घोळ नाही. त्यात १६ टक्के स्फुरद, म्हणजे पूर्ण मात्रेला बिघ्याला अडीच पोती. गंधकही येतं, तेवढी खोट राहील. फेकू नका, सरीत बेण्याच्या बाजूला थोडं खाली पेरा. आपल्या चुनखडीच्या काळ्या मातीत विखुरलेलं स्फुरद पटकन अडकून बसतं. काढणीला मधल्या दोन सऱ्यांतले पाच-पाच मीटर मोजा, वजन वेगळं आणि नग वेगळे.

जुना गडी
थोडं अवांतर. ज्या इंदुरात अल्बर्ट हॉवर्डसाहेबांनी (इंग्रज शेतीशास्त्रज्ञ) तिथल्या संशोधन संस्थेत १९२४ पासून कंपोस्टची ‘इंदूर पद्धत’ बसवली, तिथल्या सूनबाई पोत्यांवर पोती ओततायत! चांगलं कुजलेलं खत घाला, स्फुरद अडकायचं प्रमाण कमी होतं. आणि विहिरीजवळच्या तुकड्यात जस्त तपासून घ्या. फार स्फुरदाने जस्ताची ओढ पडते.

रामबागची सून
काका, टोमणा पोचला. 😄 कॉलेजच्या बसमधून हॉवर्डसाहेबांच्या त्या संस्थेच्या आवारावरून रोज जायचे, आत कधी पाऊल टाकलं नाही. माती कधी काढू?

काळी माती
सोयाबीन निघाल्यावर, शेणखत टाकायच्या आधी. दोन्ही तुकड्यांची वेगवेगळी. बांधाजवळची आणि उकिरड्याजवळची नको.

रामबागची सून
ठीक. घरात डीएपीची चार पोती पडून आहेत, दुकानदार परत घेत नाही म्हणतो. शेजारच्या काकांनाच विचारते, त्यांच्या गव्हाला लागतील.