देवस्थानची जमीन कसणाऱ्याच्या नावावर व्हावी का?

कृष्णाकाठ, शिरोळ
आमच्या घरानं चार पिढ्या एकच रान कसलंय. दोन एकर, काळं, उसाचं. विहीर आजोबांनी पाडली, पाइपलाइन वडिलांनी आणली. सातबाऱ्यावर मालक देव. आमचं नाव इतर हक्कात, तेही आजोबांचंच. २०१९ च्या महापुरात ऊस कुजला. पंचनाम्याला आलेल्या माणसानं उतारा बघून विचारलं, "भरपाई कुणाच्या खात्यावर टाकायची?" आई बांधावर खालीच बसली. सोसायटीचं पीककर्जही याच उताऱ्यापाशी अडतं.

१ एप्रिल १९५७ ला, कृषक दिनी, शेजारच्या रानातली कुळं, म्हणजे दुसऱ्याची जमीन खंडानं कसणारी माणसं, मालक मानली गेली. किंमत आकाराच्या, म्हणजे जमिनीवरच्या सरकारी साऱ्याच्या, २० ते २०० पट, तीही हप्त्यानं. आमचा मात्र तो रस्ताच बंद, कारण कूळ कायद्याचं कलम ८८-ब. नोंदणी झालेल्या ट्रस्टच्या जमिनीचं उत्पन्न देवाच्याच कामाला लागत असेल, तर ती कुळाला विकत मिळत नाही. बांधापलीकडं मालक, अलीकडं आम्ही. घाम तोच. हप्ते भरायला तयार आहे, पण जमीन आमच्या नावावर व्हावी.

गुरवाचं घर
दादा, तुमचं दुखणं खरं आहे. पण ही जमीन मुळात दिवाबत्तीसाठी दिलेली आहे. कोल्हापूरची देवस्थान समिती तीन हजारांवर देवळं बघते. अंबाबाईला, जोतिबाला दान येतं. आमच्या गावच्या देवळाच्या पेटीत सुट्टे पैसे पडतात. वडील पहाटे पाचला देऊळ उघडतात, समईत तेल घालतात. जमीन कसणारा देवळाला जो वर्षाचा खंड देतो, त्यात ते तेलसुद्धा भागत नाही. जमीन गेल्यावर तेल कुणी घालायचं?

सुप्रीम कोर्टानं २०२१ मध्ये मध्य प्रदेशातल्या एका खटल्यात सांगितलंय, जमिनीचा मालक देवच, पुजारी फक्त व्यवस्था बघणारा. पिढ्यान्‌पिढ्या पूजा करून आमची मालकी होत नाही, मग कसून तुमची कशी व्हावी?

कृष्णाकाठ, शिरोळ
खंड कमी आहे हे मान्य. वाढवा की! पण खंड कमी म्हणून आईचं नाव लागायचं नाही, हा न्याय मला पटत नाही.

महसूल वकील, करवीर
दोघांनाही सांगतो, मालकी देण्याआधी खरा कसणारा कोण ते बघा. १९५७ च्या आधी कितीतरी कुळांकडून जमीन सोडल्याचे राजीनामे लिहून घेतले गेले. कागदावर नाव नव्हतं म्हणून कसणारा उघड्यावर आला. आजही मी अशी प्रकरणं चालवतो, ज्यात नोंद एकाची आणि नांगर दुसऱ्याचा.

दुसरी भीती विक्रीची. कूळ कायद्यानं मिळालेल्या जमिनीला कलम ४३ ची अट होती, परवानगीशिवाय विकायची नाही. २०१४ च्या दुरुस्तीनं ती सैल झाली. खरेदीला १० वर्षं झाली की आकाराच्या ४० पट नजराणा भरून जमीन विकता येते. शहरालगत आज गुंठ्याला काय भाव आहे ते सगळ्यांना ठाऊक आहे. देवस्थानची जमीन मोकळी झाली तर कसणाऱ्याकडं किती दिवस राहील? म्हणून माझं मत, विकायचा हक्क नको. वारसानं चालणारा कसायचा हक्क द्या आणि त्यावर पीककर्ज व भरपाई मिळू द्या.

लावणीची टोळी
वाचतेय मघापासून. देवाचं नाव आलं, गुरवाचं आलं, कुळाचं आलं. आमचं कुठंच नाही. शाहू महाराजांनी १९१८ ला महार वतनं बंद करून त्या जमिनी रयताव्यानं, म्हणजे सारा भरून स्वतःच्या नावावर, दिल्या. आमच्या वाट्याची दीड एकर पणजोबांच्या कर्जात गेली. आता मी देवस्थानच्याच रानात ऊस लावते, खुरपते, दुसऱ्याच्या नावावर. कसेल त्याची जमीन म्हणता, तर सरीत वाकून कांडी दाबणारी बाई कसत नाही का?

कृष्णाकाठ, शिरोळ
ताई, आमच्या लावणीला सहा बायका येतात. त्यातल्या चौघींच्या नावावर एक गुंठाही नाही. हे मी पहिल्यांदाच लिहायला हवं होतं. जमिनीत तुमचा वाटा कसा धरायचा ते मला सुचत नाही, पण तो धरल्याशिवाय माझी मागणी पुरी होत नाही.

वकीलसाहेब, न विकता येणारा हक्क मला चालेल, लेखी देतो. गुरवदादा, खंड एकरी दोन टन उसाच्या किमतीनं ठरवू, त्या-त्या वर्षीच्या दरानं. कमी वाटत असेल तर तुमचा आकडा सांगा. फक्त आई आहे तोवर तिचं नाव उताऱ्यावर लागू दे.