गाल-जबड्याच्या ऑपरेशननंतर तोंड उघडणं, गिळणं, खांदा: घरी काय करून घ्यावं?

निंबोणी:
काकांचं (वय 54) डाव्या गालाचं आणि खालच्या जबड्याचं कॅन्सरचं ऑपरेशन झालंय. पायाचं फिब्युला हाड घेऊन जबडा बांधलाय, मानेतल्या गाठीही काढल्यात. तीन आठवडे झाले, टाके सुकलेत, नाकातली नळी आहे. तोंड 22 मिमी उघडतं. लवकरच रेडिएशन, 30 फ्रॅक्शन (म्हणजे 30 वेळा किरण). सुपारीची जुनी सवय होती. पुन्हा भाकरी खाता यावी एवढंच त्यांना हवंय.

दगडफूल:
आधी तोंड उघडण्याचं बघा, बाकी सगळं त्यावर अवलंबून आहे. 35 मिमीच्या खाली म्हणजे ट्रिसमस, तोंड पुरेसं न उघडणं. रेडिएशनने चावण्याचे स्नायू आखडतात आणि ते किरण संपल्यावरही महिनोन्महिने चालू राहतं. म्हणून सर्जनना विचारून व्यायाम आत्ताच सुरू करा, रेडिएशनच्या दिवसांतही थांबवू नका.

आइस्क्रीमच्या चपट्या लाकडी काड्यांची गड्डी उजव्या दाढांमध्ये ठेवा, सहज मावतील तेवढीच. मग मधोमध आणखी एक काडी हळूच सरकवा. ताण जाणवावा, कळ येऊ नये. 30 सेकंद धरायचं, असं 5 वेळा, दिवसातून 5 वेळा. पुढच्या दातांवर जोर नको, ते हलायला लागतात. रेडिएशनमध्ये तोंड सोलवटतं तेव्हा डॉक्टरांनी दिलेली वेदनाशामक गोळी व्यायामाच्या अर्धा तास आधी द्या. मोजताना काड्या मोजू नका, जाडी सारखी नसते. दर रविवारी पट्टीने वरच्या-खालच्या पुढच्या दातांतलं अंतर घ्या आणि वहीत लिहा.

सुपारीने गाल आतून आधीच कडक होतो. ऑपरेशनपूर्वी तोंड किती उघडत होतं ते फाइलमध्ये शोधा, नाहीतर उगाच निराशा येते. आणि सुपारी आता कायमची बंद.

आडवाट:
नळीतून पातळ अन्न एका वेळी 200 ते 250 मिली, दर दोन-अडीच तासांनी. ताठ बसवून द्या, नंतर अर्धा तास आडवं होऊ देऊ नका. आधी आणि नंतर 30 मिली पाणी सोडा. मिक्सरमधून काढलेलं कापडातून गाळाच, नळी तुंबते ती डाळीच्या सालाने. निसटली तर घरी परत घालू नका.

तोंडाने सुरुवात स्पीच थेरपिस्टने गिळणं तपासल्यावरच. ठसका लागला तर कळतं, पण काहींना ठसकाच येत नाही. खाल्ल्यावर आवाज ओला, घोगरा येत असेल किंवा वारंवार ताप येत असेल, तर घास श्वासनलिकेत जातोय असं समजून लगेच दाखवा.

परवानगी मिळाली की आधी मऊ भात-वरण, नाचणीची पेज, मग दुधात किंवा आमटीत चांगली भिजवलेली, कुस्करलेली भाकरी. घास उजव्या बाजूला ठेवायचा. बसवलेल्या त्वचेला स्पर्श कळत नाही, त्यामुळे डाव्या गालात भाताची शितं अडकून राहतात आणि संध्याकाळी वास येतो. दर जेवणानंतर टॉर्च लावून बघा, सिरिंजने पाणी मारून साफ करा. गरम चहाचा चटकाही तिथे कळत नाही. बाहेरून शेकूही नका.

गुळण्यांना एक लिटर कोमट पाण्यात एक चमचा मीठ, एक चमचा खायचा सोडा.

निंबोणी:
खूप उपयोगी. डावा हात बाजूने खांद्यापर्यंतही उचलत नाहीत. आणि एक दाढ किडलेली आहे.

दगडफूल:
दाढ आज दाखवा, उद्या नको. काढायची असेल तर रेडिएशनआधी, आणि जखम भरायला साधारण 10 ते 14 दिवस हवेत. तारीख दंतवैद्य आणि रेडिएशनचे डॉक्टर मिळून ठरवतील. किरण घेतलेल्या जबड्यातला दात नंतर काढला तर हाड सडू शकतं, हा धोका आयुष्यभर राहतो. वर्षांनंतरही कुठल्याही दंतवैद्याला रेडिएशन झालंय हे आधी सांगायचं.

खांद्याचं कारण मानेतली ॲक्सेसरी नस, खांदा उचलणाऱ्या स्नायूला जाणारी. ती तुटलेली नसेल, नुसती दुखावली असेल, तरी सुधारायला महिने लागतात. तोवर सांधा आखडू नये म्हणून पाठीवर झोपून उजव्या हाताने डावा हात वर न्यायचा, 10 वेळा, दिवसातून तीनदा. त्या खांद्याला पिशवी अडकवायची नाही.

आडवाट:
मानेवर किरण पडतात, त्यामुळे पुढे दर सहा ते बारा महिन्यांनी टीएसएच (थायरॉइडची रक्ततपासणी) तपासा. थकवा आणि वाढतं वजन ‘ऑपरेशनचंच’ म्हणून सोडून दिलं जातं, तो बऱ्याचदा थायरॉइड असतो.