अनुभव धागा: सिअर्सची बॅटरी, वॉर्डचे टायर आणि गॅरेजातली लाल पेटी

जुना शिकागोकर

मोठं घर सोडून लहानात जायचं ठरलंय, म्हणून गेले दोन आठवडे गॅरेज उपसतोय. मुलांच्या सायकली, जुने टीव्ही, दोन पोती नियतकालिकं यांचा निकाल एका दिवसात लागला. अडलो ते एका लाल पत्र्याच्या पेटीपाशी. आत सिअर्सच्या क्राफ्ट्समन नावाचे पाने, पारदर्शक मुठीचे स्क्रूड्रायव्हर आणि तळाशी सिअर्सच्याच डायहार्ड बॅटरीची पावती, १९८२ सालची. बायको म्हणाली, "ती पावती तरी टाक." टाकवेना.

तर हा धागा त्यासाठी. अमेरिका-कॅनडात राहिलेल्यांनी आठवून बघा. एकाच छपराखाली पडदे, फ्रीज, पाळणे, शर्ट विकणारं सिअर्ससारखं मोठं दुकान, आणि त्याच दुकानाच्या मागच्या अंगाला गाड्यांचं खातं. टायर, बॅटरी, ऑइल, सगळ्यावर दुकानानेच ठेवलेलं नाव. ज्यांनी हे फक्त वडिलांच्या नाहीतर काकांच्या तोंडून ऐकलंय त्यांनीही लिहा. सुरुवात मी करतो.

१९६९ला आलो. रिझर्व्ह बँकेच्या कृपेने खिशात आठ डॉलर. वर्षभराने एका परत जाणाऱ्या विद्यार्थ्याकडून जुनी इम्पाला घेतली. आता पुण्यात गाडी बिघडली तर काय करायचं हे पोटातून माहीत असतं. नाना पेठेत कुणीतरी ओळखीचं असतं, त्याच्या ओळखीचा फिटर असतो, आणि त्या फिटरचे वडील आपल्या वडिलांना ओळखत असतात. इथे कोण होतं? गॅरेजवाला "ट्रान्समिशन गेलं" म्हणाला तर खरं की खोटं, कुणाला विचारणार? म्हणून सिअर्स. घरातला फ्रीज त्यांचा होता, पडदे त्यांचे होते, थोरलीचा पाळणा त्यांचा होता. ज्यांनी पाळण्यात फसवलं नाही ते बॅटरीत कशाला फसवतील, इतका साधा हिशोब.

आता ती पावती. १९ जानेवारी १९८५, शनिवार, आमच्याकडे संक्रांतीचं हळदीकुंकू. थंडी इतकी वाढली की सात कुटुंबं रात्री आमच्याकडेच झोपली, काही जिन्यात, काही स्वयंपाकघरात. रविवारी सकाळी शिकागोचं तापमान उणे २७ फॅरनहाइट, म्हणजे उणे ३३ सेल्सिअस. शहराच्या नोंदीतला नीचांक! अंगणात आठ गाड्या आणि एकही हूं की चूं करेना. माझ्या गाडीत हीच तीन वर्षांची डायहार्ड. तिने दोनदा कण्हल्यासारखं केलं आणि तिसऱ्यांदा इंजिन धरलं. मग जम्पर केबल लावून एकेकाची गाडी उठवत दुपारचे दोन वाजले. त्या दिवशी मला जेवढे तिळगूळ मिळाले तेवढे उभ्या जन्मात मिळाले नाहीत.

मिलवॉकीचा निवृत्त

काका, त्या बॅटरीचं थोडं श्रेय आमच्या गावालाही द्या. मी बॅटरीच्या धंद्यात नोकरी केली, म्हणून राहवत नाही.

सिअर्सने बॅटरी बनवली नाही, विकली. बनवली मिलवॉकीच्या ग्लोब-युनियनने. १९६७ साली डायहार्ड बाजारात आली तेव्हा नवलाई रसायनाची नव्हती, डब्याची होती. त्याआधी बॅटरीचे डबे कडक रबराचे असत, भिंती जाड. यांनी पातळ भिंतीचा पॉलिप्रॉपिलीनचा डबा काढला. बाहेरून माप तेवढंच, पण आत जागा जास्त, म्हणजे शिशाच्या पट्ट्या जास्त आणि आम्लही जास्त. थंडीत दोन्हीकडून मार बसतो. बॅटरीची ताकद उतरते, आणि ऑइल काकवीसारखं घट्ट झाल्याने इंजिन फिरवायला ताकद जास्त लागते. अशा वेळी ती आतली वाढीव जागा कामाला येते. पुढे १९७८ला जॉन्सन कंट्रोल्सने ग्लोब-युनियन विकत घेतली.

लोकांना वाटायचं, दुकानाचा माल म्हणजे दुय्यम माल. तसं नव्हतं. दुकान एवढा माल उचलायचं की कारखानदाराला ते सांगतील तसं करून द्यावं लागे.

रूट वनची सून

मी न्यू जर्सी, १९७८. सगळे पुरुष बॅटरीवर लिहितायत, मी काउंटरवर लिहिते.

नवरा आठवड्यातले चार दिवस फिरतीवर. एका फेब्रुवारीत मुलीला ताप आणि गाडीच्या पुढच्या टायरमध्ये हवा नाही. पातळावर नवऱ्याचं जॅकेट, पायात मोजे आणि वर चपला (हसू नका, बूट डिकीत होते आणि डिकी गोठली होती), अशी मी रूट वनवरच्या सिअर्समध्ये पोचले. गाडी आत नेली. मी बाकड्यावर. काउंटरवरच्या म्हाताऱ्याने टायर उलटा करून नाणं कसं घालायचं ते दाखवलं. एक सेंटच्या नाण्यावरचा लिंकन डोक्याकडून खाचेत घालायचा. त्याचं डोकं पूर्ण दिसलं तर टायर संपला. तिथे मी एक टायर घेतला, पण शिकले त्याहून जास्त. नंतर मंडळाच्या गणपतीत मी पार्किंगमध्ये बायकांना लिंकनचं डोकं दाखवत हिंडायची.

दुसरी गोष्ट सिअर्सच्या कार्डाची. १९७४च्या कायद्याने बाई आहे किंवा लग्न झालंय म्हणून उधारी नाकारायला बंदी आली होती, पण ते मला माहीत नव्हतं. त्याच काउंटरवर अर्ज भरला आणि महिन्याभरात माझ्या नावाचं कार्ड आलं. नवऱ्याच्या नाही, माझ्या. त्यावरची पहिली खरेदी चार टायर. मैत्रिणी म्हणाल्या, "काहीतरी दागिना तरी घ्यायचास!"

आणि तो वास कुणालाच आठवत नाही का? टायरच्या रबराचा वास घेत आत शिरायचं आणि चार पावलांवर गरम काजू-शेंगदाण्यांच्या काउंटरचा वास. आजही टायरच्या दुकानात गेले की मला भूक लागते.

गॅरेजात_रविवार

मी सिअर्सचा नाही, माँटगोमेरी वॉर्डचा. आमच्याकडे रिव्हरसाइड टायर. वॉर्डचं दुकान सिअर्सहून जुनं, १८७२चं, तेही शिकागोचंच. नाताळातला तो लाल नाकाचा रुडॉल्फ हरीणही याच दुकानाने १९३९ साली गिऱ्हाइकांच्या मुलांना फुकट वाटायच्या पुस्तिकेतून जगात आणला. २००१मध्ये सगळं बंद झालं. रिव्हरसाइड टायर बरे होते. याहून जास्त भावना माझ्यापाशी नाहीत.

खवट

सगळं गोड गोड चाललंय म्हणून जरा मीठ घालतो. अशाच एका मोठ्या दुकानाच्या गाडीखात्यात (नाव लिहीत नाही) ऑइल बदलायला गेलो आणि चार शॉक अॅब्सॉर्बर बदलून बाहेर आलो. घरी येऊन जुने तपासले, चांगले होते. तेव्हापासून ऑइल मी स्वतः बदलतो. अर्थात त्यासाठी लागणारा फिल्टरचा पाना, ऑइलची परात आणि दुकानाच्या नावाचं ऑइल, सगळं आणलं त्याच दुकानातून. हा विनोद माझ्या लक्षात यायला दहा वर्षं लागली.

सदाशिव पेठेतली पुतणी

मी कधी अमेरिकेत गेले नाही, पण लिहिते, कारण धाग्यात काका-वडील चालतील म्हटलंय.

माझे काका १९८१ला सुट्टीवर आले तेव्हा बाबांसाठी क्राफ्ट्समनचा सेट घेऊन आले. विमानातून लोखंड आणलं म्हणून आजी दोन दिवस बोलत नव्हती. तिला मिक्सर हवा होता. सेट चकचकीत, एकेक पाना आपापल्या खोबणीत. बाबांनी उदबत्ती ओवाळली आणि बजाजची स्कूटर उघडायला बसले. पाने इंचाचे, स्कूटर मिलिमीटरची!

पण बाबा हरणारे नव्हते. त्यांनी वहीच्या मागच्या पानावर कोष्टक केलं, ते अजून पेटीच्या झाकणाला आतून चिकटवलेलं आहे. ५/१६ चालतो ८ला. ७/१६ म्हणजे ११.११, तो ११च्या नटावर चपखल. ३/४ जातो १९ला. ९/१६ किंचित सैल, पण १४ला चालवून घ्यायचा. आणि १/२ म्हणजे १२.७, तो १३च्या नटावर जन्मात जायचा नाही. त्यापुढे बाबांनी लाल शाईने लिहिलंय, "निरुपयोगी. फक्त ठोकायला." आमच्या घरात अजूनही कुणी दिसायला उत्तम पण कामाला शून्य असेल तर त्याला "अर्ध्या इंची" म्हणतात.

जुना शिकागोकर

पुतणीबाई, अर्ध्या इंचीला मी पंधरा मिनिटं हसतोय. पण तुमच्या बाबांच्या स्कूटरचं आणि सिअर्सचं नातं आहे बरं का. सिअर्स १९५१पासून इटलीच्या पियाजिओची व्हेस्पा ऑलस्टेट या नावाने विकत होतं. बजाजनेही पुढे पियाजिओच्याच परवान्याने व्हेस्पा बनवली. म्हणजे स्कूटर आणि पाने लांबून भाऊबंदच, फक्त मापावरून बोलणं बंद.

ऑलस्टेट हे मुळात सिअर्सच्या टायरचं नाव. १९३१ला त्यांनी गाड्यांची विमा कंपनी काढली, तिलाही टायरचंच नाव दिलं. टायर गेले, विमा राहिला. आज माझ्या नातवाला सांगितलं तर खोटं वाटतं. १९५२-५३मध्ये तर ऑलस्टेट नावाची अख्खी मोटार विकली, कायझर-फ्रेझरने बनवलेली, बॅटरी-टायर-प्लग सिअर्सचे. अडीच हजारही खपल्या नाहीत. पाळण्यावर विश्वास ठेवून बॅटरी घेणारे लोक मोटारीपाशी मात्र थांबले.

विनिपेगचा शेंडेफळ

कॅनडाची बाजू कुणीच मांडली नाही. ईटन्स हे इथलं मोठं दुकान १९९९ला गेलं, सिअर्स कॅनडाने २०१८च्या जानेवारीत शेवटची कुलपं लावली, पण आमचं कॅनेडियन टायर अजून ठणठणीत आहे, १९२२पासून. नावात टायर, पण आत हॉकीच्या काठ्या, किटल्या, कुंड्या सगळं. गाडीचा माल मोटोमास्टर नावाने.

विनिपेगमध्ये आमच्या गाडीला शेपूट होतं. इंजिन गरम ठेवायच्या हीटरची वायर बॉनेटमधून बाहेर लोंबायची, रात्री ती भिंतीतल्या प्लगला लावायची. आई म्हणायची, "गाय गोठ्यात बांधली का?" ती वायर दर दोन वर्षांनी तुटायची आणि मग शनिवारी कॅनेडियन टायर. माझा रस वायरीत नव्हता, नोटांत होता. १९५८पासून ते दुकान खरेदीवर स्वतःच्या नोटा द्यायचं, पाच सेंट, दहा सेंट, हातात धरायच्या खऱ्या कागदी नोटा, वर स्कॉटिश टोपीवाला मिशाळ माणूस. घरातल्या 'व्यापार'च्या डावातले पैसे हरवले होते, तर आम्ही त्या नोटांवर खेळायचो. मुंबईतलं कुलाबा मी कॅनेडियन टायरच्या नोटांनी कितीदा विकत घेतलंय!

एच१बी_९९

मी आलो १९९९ला, संगणकाच्या दोन हजार सालाच्या भीतीवर स्वार होऊन. म्हणजे मी पोचलो तेव्हा पंगत उठली होती आणि पत्रावळी गोळा करायचं चाललं होतं. तरी एक सांगतो.

वडील सांगलीचे, शिक्षक. २००३ला आमच्याकडे आले ते खिशात एक तुटलेला स्क्रूड्रायव्हर घेऊन. वीस वर्षांपूर्वी त्यांच्या मेहुण्याने दिलेला, क्राफ्ट्समन. म्हणाले, "यावर आयुष्यभराची हमी असते असं तो म्हणाला होता, बघू खरं का." मला लाज वाटली. पावती नाही, खोकं नाही, टोक तुटलेलं. सिअर्सच्या माणसाने तो हातात घेतला, नाव बघितलं आणि मागच्या फळीवरून नवा काढून दिला. एक प्रश्न नाही. वडिलांनी माझ्यामार्फत विचारलं, "आयुष्यभर म्हणजे कुणाच्या? माझ्या की याच्या?" तो हसला, खांदे उडवले.

स्क्रूड्रायव्हरच्या आधी दुकानाचंच आयुष्य संपलं. २००५ला केमार्ट या दुसऱ्या दुकानसाखळीशी विलीनीकरण, २०१७ला क्राफ्ट्समन स्टॅनली ब्लॅक अँड डेकरला सुमारे ९० कोटी डॉलरला गेलं, २०१८च्या ऑक्टोबरात दिवाळखोरी, २०१९ला डायहार्ड अॅडव्हान्स ऑटो पार्ट्सला २० कोटी डॉलरला. वडील गेले २०१६ला. स्क्रूड्रायव्हर सांगलीत आहे, आई त्याने कुकरच्या कानाचा स्क्रू आवळते.

रूट वनची सून

पत्रावळी म्हणालात ते अगदी. पण आता माझी मुलगी कॉस्टकोमधून त्या दुकानाच्याच कर्कलंड नावाचं ऑइल आणते तेव्हा तिला विचारलं, हेच का? म्हणाली, "अगं, बदाम त्यांचे चांगले असतात." मी गप्प बसले. आमचा पाळणा, त्यांचे बदाम.

सदाशिव पेठेतली पुतणी

एक विचारायचं राहिलं. बाबांच्या सेटमधला ७/१६चा पाना १९९४ला एका शेजाऱ्याने नेला तो अजून "आणून देतो" म्हणतोय. खोबण रिकामी आहे. स्कूटर विकली, तरी ती रिकामी खोबण बाबांना टोचते, रोज झाकण उघडून बघतात. कुणाकडे जादा आहे का? जुन्यातलाच हवा, नवा चमकतो वेगळा.

जुना शिकागोकर

आहे. दोन आहेत. डिसेंबरात पुण्यात येतोय, चेक-इन बॅगेत टाकतो. बाबांना म्हणावं उदबत्ती तयार ठेवा. पावती मात्र देणार नाही.